हेडसेटमधला पत्त्यांचा फड

पोकरमध्ये मुरलेला गडी आपले पत्ते टेबलावरून उचलत नाही. एका तळहाताचा आडोसा धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पत्त्यांचे कोपरे जरासे वाकवतो, डोकावतो आणि सोडून देतो. तेवढ्यात समोरचा त्याचं तोंड वाचून घेतो. मोबाइलवरच्या पोकरमध्ये यातलं काहीच उरत नाही. पत्ते पडद्यावर उघडे पडलेले, खाली तीन-चार बटणं आणि समोरचा माणूस म्हणजे एक गोल फोटो, त्याच्याभोवती सरकणारी वेळेची रेघ.

२०१८ च्या नोव्हेंबरात 'पोकरस्टार्स व्हीआर' हा खेळ आला. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, हेडसेटमधून दिसणारं आभासी जग. पोकरस्टार्स ही कंपनी आणि टोरोंटोचा लकी व्हीआर हा स्टुडिओ यांनी मिळून केलेला. त्यात डोळ्यांवर हेडसेट चढवून टेबलाशी बसायचं, हातातल्या कंट्रोलरने पत्ते उचलून डोळ्यांसमोर धरायचे, चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, मुठीत घेऊन पुढे ढकलायच्या, डाव नको असेल तर पत्ते भिरकावून द्यायचे. शेजारचा बोलला तर आवाज त्याच बाजूच्या कानात येतो. पुढे यात ब्लॅकजॅक, रूलेट, स्लॉट आणि फाशांचा क्रॅप्सही आले आणि २०२३ मध्ये नाव बदलून 'वेगास इन्फिनिट' झालं. सगळा खेळ खोट्या चिप्सचा. जिंकलात तरी एक पैसा हाती येत नाही. तरीही लोक तासन् तास बसतात, आणि का बसतात हे समजून घ्यायचं तर आधी या धंद्याकडे बघावं लागतं.

पैसे आत जातात, बाहेर येत नाहीत

सोशल कॅसिनोत कॅसिनोचे सगळे खेळ असतात, फक्त जिंकलेल्या चिप्सची रोकड होत नाही. रोज थोड्या चिप्स फुकट मिळतात. त्या संपल्या की उद्यापर्यंत थांबा, नाहीतर विकत घ्या. २००७ मध्ये झिंगा कंपनीने फेसबुकवर पोकर आणला आणि हा प्रकार घराघरांत गेला. ज्या चिप्सचे पैसे परत मिळणार नाहीत त्या विकत कोण घेईल, असं वाटतं ना? बहुतेक जण घेतही नाहीत. पण थोडे जण घेतात आणि त्यातलेही मोजके भरमसाट घेतात. धंद्यात त्यांना 'व्हेल' म्हणतात, आणि सगळं दुकान त्यांच्या जिवावर चालतं. किती चालतं, तर 'स्लॉटोमेनिया'वाली प्लेटिका ही कंपनी २०१६ मध्ये चिनी गुंतवणूकदारांच्या गटाने ४४० कोटी डॉलरला विकत घेतली.

आपल्याकडे या धंद्याचा ओळखीचा चेहरा म्हणजे तीन पत्तीची ॲप्स. बेंगळुरूच्या मूनफ्रॉग लॅब्जचं 'तीन पत्ती गोल्ड' अनेकांच्या फोनमध्ये होतं. ती कंपनी २०२१ मध्ये स्वीडनच्या स्टिलफ्रंट ग्रुपने घेतली. ब्लाइंड, चाल, साइड शो, पॅक हे सगळं त्यात होतं. गणपतीत रात्र जागवताना जो फड बसतो, त्यातला आरडाओरडा मात्र नव्हता. मित्राला चिप्स भेट पाठवायच्या, हसरा चेहरा टाकायचा, संपलं. नावात सोशल असलं तरी माणूस एकटाच असायचा, अंथरुणात पडून अंगठा चालवत.

व्हीआरने नेमकी ही बाजू बदलली. माझ्या मते चित्रं किती झकपक झाली हा मुद्दा गौण आहे. जुनी ॲप्स चिप्स विकायची. व्हीआरचा कॅसिनो सोबत विकतो, आणि चिप्स हे त्या सोबतीत बसून राहण्याचं भाडं होतं.

बसल्या जागी जमणारी गोष्ट

हेडसेटमध्ये दोन भिंगं असतात आणि प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दाखवलं जातं. खऱ्या आयुष्यातही दोन डोळ्यांना थोडं वेगळंच दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. हेडसेटवर लावलेले कॅमेरे खोलीतल्या भिंती-कोपऱ्यांवरून तुमचं डोकं कुठे आहे, कुठे वळलं हे सतत मोजतात आणि त्या वळण्याबरोबर चित्र बदलत राहतं. डोकं हलणं आणि चित्र हलणं यात साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की मेंदूला फसवणूक कळते आणि पोटात ढवळायला लागतं.

हे सगळं नीट जमलं तर काय होतं, याची मांडणी मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये केली. दोन वेगवेगळे भास असतात, असं तो म्हणतो. एक, मी या जागी आहे. दुसरा, इथे जे घडतंय ते खरंच घडतंय. पहिला भास यंत्राच्या जोरावर येतो. दुसरा येतो तो समोरची गोष्ट तुमच्या वागण्याला प्रतिसाद देते तेव्हा. तुम्ही मान वळवल्यावर समोरच्याने तुमच्याकडे बघितलं, तुमच्या विनोदावर कोणी खरंच हसलं, की दुसरा भास पक्का. पोकरच्या टेबलावर हे दर मिनिटाला होतं.

व्हीआरची जुनी डोकेदुखी चालण्याची आहे. खेळात तुम्ही धावताय आणि प्रत्यक्षात सोफ्यावर बसलाय, हा विरोध शरीराला सहन होत नाही. म्हणून धावपळीच्या खेळांत कितीतरी जणांना मळमळतं. पत्त्यांच्या टेबलावर हा प्रश्नच नाही. तुम्ही घरीही खुर्चीत बसलेले आणि तिथेही खुर्चीतच. जे काही करायचं ते हाताच्या अंतरावर. माणसं मोजकी आणि ती जागा सोडत नाहीत. बोलायला अधूनमधून रिकामा वेळ, हातांना काहीतरी चाळा. व्हीआरसाठी मुद्दाम खेळ शोधायला बसलं असतं तरी याहून सोयीचा सापडला नसता.

शिवाय तो स्वस्तात पाठवता येतो. टेबलाभोवतीच्या माणसांचा व्हिडिओ इकडून तिकडे जात नाही. जातो फक्त आवाज आणि तीन गोष्टींची जागा: डोकं, डावा हात, उजवा हात. हा प्रकार कळसूत्री बाहुल्यांसारखा आहे. प्रत्येकाच्या हेडसेटमध्ये सगळ्या बाहुल्या आधीच ठेवलेल्या असतात, इंटरनेटवरून फक्त दोऱ्या कुठे ओढल्या तेवढं कळतं. कोपर आणि खांदा कुठे असतील याचा संगणक अंदाज बांधतो. पाय तर बऱ्याचदा नसतातच, पण टेबलाखाली कोण बघतंय?

डोळ्यांची गंमत वेगळी. मेटा या फेसबुकवाल्या कंपनीच्या २०२२ च्या क्वेस्ट प्रो या हेडसेटमध्ये नजर टिपणारे कॅमेरे होते, पण त्यानंतर आलेल्या, जास्त खपाच्या क्वेस्ट ३ मध्ये ते नाहीत. म्हणजे समोरचा अवतार, अर्थात त्या माणसाची बाहुली, तुमच्याकडे रोखून बघतोय असं वाटतं तेव्हा ते डोळे सॉफ्टवेअरने फिरवलेले असतात. त्यावरून कोणी थापा मारतोय का हे ताडायला गेलात तर फसाल. हात आणि मान मात्र खऱ्या माणसाच्या. चिप्सशी चाळा करणारा हात अचानक थांबला तर तो खरंच थांबलेला असतो. आवाजातला कंपही खरा. त्यामुळे खेळणारे हात आणि आवाज वाचायला शिकतात, चेहऱ्याचा नाद सोडतात.

फासे हाताने टाकले म्हणजे काय होतं

पोकर आणि बाकीचे खेळ यांच्यात एक मोठी भिंत आहे आणि व्हीआरमध्ये ती दिसेनाशी होते. पोकर माणसाविरुद्ध माणूस चालतो; पत्ते कसे पडतात ते नशीब, पण कधी थांबायचं हे कसब. रूलेट आणि स्लॉटमध्ये समोर यंत्र असतं आणि गणित यंत्राच्या बाजूने झुकलेलं असतं. स्लॉटचा दांडा तुम्ही व्हीआरमध्ये हाताने खाली खेचता, चक्रं गरगर फिरतात, तिसरं चक्र अगदी कडेवर येऊन सटकतं. यातलं काहीही निकाल ठरवत नाही. निकाल एका प्रोग्रॅमने काढलेल्या यादृच्छिक आकड्याने आधीच ठरलेला असतो. दांडा, चक्रं, सटकणं हे सगळं त्यानंतरचं नाटक.

हे डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. समाजशास्त्रज्ञ जेम्स हेन्स्लिन याने सेंट लुईस शहरातल्या टॅक्सीवाल्यांचा फाशांचा जुगार जवळून पाहिला आणि १९६७ मध्ये त्यावर लिहिलं. लहान आकडा हवा असला की ते फासे अलगद टाकत, मोठा हवा असला की जोरात. फाशांना त्याचं काही नसतं. पुढे १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर हिने कचेरीतल्या लोकांना एक-एक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. काहींना आपलं तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींना नुसतं हातात दिलं. मग विचारलं, हे परत किती रुपयांना, म्हणजे डॉलरला, विकाल? ज्यांना दिलेलं होतं ते सरासरी १.९६ डॉलर म्हणाले. ज्यांनी स्वतः निवडलं होतं ते ८.६७ डॉलर. तिकिटाची शक्यता दोन्हीकडे तीच, फक्त निवडताना आपला हात लागला होता.

मोबाइलच्या बटणाने ही हाताची जादू बरीचशी घालवली होती. बटण दाबताना कोणी जोर लावत नाही. व्हीआरने हात परत आणला, मूठ परत आणली, फासे टाकण्याआधी त्यावर फुंकर घालण्याचा मोहही परत आणला. त्यामुळे हरल्यावर 'आज फेक जमली नाही' असं वाटण्याची सोय झाली. स्लॉटवर विश्वास बसवायला याहून सोपा मार्ग नाही, आणि मला या सगळ्यात हीच बाजू सर्वांत खटकते. पोकरसाठी हात आणणं हे खेळ समृद्ध करणं आहे. स्लॉटसाठी आणणं म्हणजे हातचलाखी आहे.

अवतारही गप्प बसत नाही. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी लोकांना व्हीआरमध्ये कमी-जास्त उंचीचे अवतार देऊन पैसे वाटून घेण्याच्या वाटाघाटी करायला लावल्या. उंच अवतार मिळालेले जास्त ताठर झाले आणि बुटका अवतार मिळालेल्यांनी अन्यायाची वाटणीही जास्त वेळा मुकाट मान्य केली. स्वतःची खरी उंची काय होती याला फारसा अर्थ उरला नाही. आता हेच बघा पोकरच्या टेबलावर: टोपी, सिगार, महागडे कपडे यांवर चिप्स उधळणारा माणूस निव्वळ मिरवत नसतो. त्या वेशात तो बहुधा वेगळा खेळतो.

तुमची ओळख तुमच्या हालचालीत

खऱ्या कॅसिनोत छताला कॅमेरे असतात आणि ते चोरी पकडण्यासाठी असतात. हेडसेट मात्र चालायचं असेल तर तुमची प्रत्येक हालचाल मोजावीच लागते. मोजणं बंद केलं तर चित्रच थांबेल. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ लोकांना व्हीआरमध्ये व्हिडिओ दाखवले आणि पाच मिनिटांहूनही कमी वेळाच्या हालचालींवरून त्यातला कोण कोणता हे ९५ टक्के अचूक ओळखलं. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी 'बीट सेबर' या खेळाच्या ५५,००० हून जास्त खेळाडूंवर तोच प्रयोग केला आणि १०० सेकंदांच्या हालचालींवर ९४ टक्क्यांच्या पुढे गेले. नाव नको, फोटो नको. मान वळवायची लकब पुरते.

मोबाइलवरच्या ॲपला कळतं की तुम्ही किती वाजता चिप्स घेतल्या. हेडसेटमधल्या खेळाला हेही कळू शकतं की घेण्याआधी तुमचा हात किती वेळ अधांतरी राहिला, हरल्यावर मान किती खाली गेली. ही माहिती सगळे गोळा करून वापरतात असं मी म्हणत नाही. पण ज्या धंद्याचं पोट मोजक्या व्हेलवर भरतं, त्याला चिप्सचा सवलतीचा पुडा नेमका कधी समोर धरायचा हे हवंच असतं.

त्रास देणारी माणसंही या टेबलावर जास्त जवळ येतात. ॲपवर कोणी घाण लिहिलं तर ते अक्षरांत असतं. इथे अनोळखी माणूस कानाशी बोलतो, अवताराच्या तोंडासमोर हात नाचवतो. बायकांचा आवाज ऐकू आला की हे वाढतं, अशा तक्रारी व्हीआरच्या सगळ्याच गप्पांच्या ठिकाणी होत्या. मेटाने 'होरायझन'मध्ये २०२२ च्या फेब्रुवारीत अवतारांमध्ये साधारण चार फुटांचं सक्तीचं अंतर घातलं ते त्यानंतर. पत्त्यांच्या टेबलावर चार फूट कुठून आणणार? तिथे आवाज बंद करणं, ब्लॉक करणं किंवा फक्त ओळखीच्यांचं खासगी टेबल लावणं एवढेच उपाय. खासगी टेबल ही खरं तर यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पुण्यातला भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण एकाच टेबलावर भांडत पत्ते खेळू शकतात. फक्त एकाची सकाळ आणि दुसरीची रात्र जुळवावी लागते.

कायदा पैशाचा माग काढतो

खोट्या चिप्स म्हणजे जुगार नाही, असं या धंद्याचं म्हणणं. ते सगळीकडे टिकलेलं नाही. अमेरिकेत 'बिग फिश कॅसिनो' या ॲपच्या खटल्यात २०१८ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटलं की वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार या चिप्सही मोलाची वस्तू ठरतात, कारण त्या असल्याशिवाय पुढे फुकट खेळता येत नाही. रोकड होत नाही हा बचाव चालला नाही. २०२० मध्ये १५.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली: २२ सप्टेंबर २०२४ पासून जुगाराची हुबेहूब नक्कल असलेल्या नव्या खेळांना तिथे केवळ प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र लागतं, मग त्यात पैसा असो-नसो. व्हीआरसाठी मला ऑस्ट्रेलियाचा विचार जास्त पटतो. मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांच्या मुलांनाही क्वेस्टवर खातं उघडायची मुभा दिली. त्यामुळे घरातल्या एकाच हेडसेटवर मुलगा सकाळी खेळतो आणि बाबा रात्री.

भारतात २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली. कसबाचा की नशिबाचा हा भेदही ठेवला नाही. असे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. करमणुकीच्या सोशल खेळांना मात्र परवानगी आहे, त्यासाठी वर्गणी किंवा प्रवेशाचे पैसे घ्यायलाही हरकत नाही. खरी ठेच 'इतर पण', म्हणजे पैशाऐवजी डावावर लावलेली वस्तू, याच्या व्याख्येत लागते. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, क्रेडिट, खरी असोत वा आभासी, त्यात मोडतात. म्हणजे दरमहा वर्गणी घेणारं व्हीआर पोकर निर्धास्त राहील, पण विकत घेतलेल्या चिप्स डावावर लावून आणखी चिप्स जिंकू देणाऱ्याला वकील गाठावा लागेल. पोकर तोच आणि टेबलही तेच, फरक फक्त पैसे कोणत्या दारातून आले याचा.

गोव्याच्या मांडवीतल्या बोटींवरचे कॅसिनो या कायद्याबाहेर आहेत, कारण ते ऑनलाइन नाहीत. तिथला कारभार १९७६ च्या गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यातल्या सवलतींवर चालतो. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो मोडीत काढायचं ठरवलं.

सध्या तरी व्हीआरच्या कॅसिनोला सगळ्यात मोठा अडसर कायद्याचा नाही, डबड्याचा आहे. क्वेस्ट ३ चं वजन अर्ध्या किलोच्या वर, बॅटरी दोनेक तासांची, घाम आला की भिंगांवर वाफ. अमेरिकेत क्वेस्ट ३एस २९९ डॉलरला निघाला, भारतात हे हेडसेट बहुतांशी आयात होऊनच येतात आणि किंमत चढते. तरी घरात आलाच असेल तर पोकरचं ॲप टाकण्याआधी तीन कामं करा. खरेदीला पिन लावा, कारण हेडसेटमध्ये कार्डाचा नंबर एकदा साठवला की चिप्स घ्यायला बोटाची एक चिमूट पुरते. मुलांचं खातं वेगळं काढा. आणि पहिल्या दिवशी अनोळखी टेबलावर न बसता ओळखीच्या चौघांचं खासगी टेबल लावा. स्लॉटची रांग तशीच मागे चमकत राहील. तिकडे पाठ करून बसता येते, खुर्ची फिरते.